झुळूकची भावंडं

मनी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी दुधाच्या पातेल्यापाशी पकडली गेली, तेव्हापासून आत्याने ठेवलेलं. ऑफिसात ते कळायचं काही कारण नव्हतं. पण नोकरी लागली त्याच आठवड्यात आत्याने ऑफिसात फोन केला आणि "आमची मनी डबा विसरून गेलीय हो" असं सांगितलं. फोन नेमका दादांनी उचलला होता. त्यानंतर तिचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं.

दादा म्हणजे मालक. ऑफिस तीनच माणसांचं, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. खालून ड्रिलची घरघर आली की तिघंही नकळत जबडा आवळून बसत. मनीकडे सर्व्हरची बाजू होती, म्हणजे माहिती कुठे आणि कशी ठेवायची, आणि कुणी मागितली तर ती कोणत्या आकारात द्यायची. फोनवर जे दिसतं ते करणारा मुलगा पलीकडच्या टेबलावर बसायचा. तो पडद्याचं काम करतो म्हणून दादा त्याला पडदेवाला म्हणत.

त्यांना मोठं काम मिळालं ते आंधळ्या माणसांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करणाऱ्या एका केंद्राचं. आत्याला सांगितलं तर ती हसून हसून खोकायला लागली. "मनीला कुत्र्यांचं काम! यांना दुसरं कुणी मिळालं नाही का?"

केंद्राकडे एक ॲप आधीपासून होतं, पण ते गोगलगायीसारखं चाले. प्रशिक्षकाने एका कुत्र्याची नोंद उघडली की सर्व्हर त्या कुत्र्याचं नाव देई आणि आईचा फक्त क्रमांक. मग ॲप पुन्हा विचारी, या क्रमांकाची आई कोण? आई मिळाली की तिच्या पिल्लांचे क्रमांक. मग एकेका पिल्लासाठी वेगळी विचारणा. केंद्र गावाबाहेर, तिथे नेटवर्क असून नसल्यासारखं. मुख्य प्रशिक्षिका पहिल्याच बैठकीत म्हणाली, "कुत्रं शिकून तयार होतं, पण तुमचं पान उघडत नाही."

"एका फटक्यात सगळं द्यायचं," दादा म्हणाले. "कुत्र्यात आई, आईत पिल्लं, सगळं एकात एक घालून. एकदा मागितलं, एकदा दिलं, विषय संपला."

मनीने तसंच केलं. पहिल्या प्रयत्नात सर्व्हर आडवा झाला. कुत्र्याच्या आत आई, आईच्या आत पिल्लं, पिल्लांत तोच कुत्रा, त्याच्या आत पुन्हा आई, आणि हे चक्र काही थांबेना. पडदेवाल्याने मान वाकवून तिच्या पडद्याकडे पाहिलं. "हे कुत्रं स्वतःचंच शेपूट धरून फिरतंय गं."

मग मनीने किती खोल जायचं याला मर्यादा घातली. तीन पायऱ्या आत जायचं, पुढे नाही. शिवाय प्रत्येक पिल्लासाठी डेटाबेसकडे वेगळी फेरी मारण्याऐवजी सगळ्यांचे क्रमांक आधी गोळा करून एकाच फेरीत माहिती उचलायची, अशी सोय केली. पान चुटकीसरशी उघडायला लागलं. प्रशिक्षिकेने फोन करून "जीव वाचवलास बाई" असं म्हटलं, आणि दादांनी तिघांसाठी आइस्क्रीम मागवलं. खालच्या दातांच्या डॉक्टरांनाही एक कप पाठवला.

एक गोष्ट मात्र मनीच्या ध्यानात आली नव्हती. कुत्र्याला जे जे जोडलेलं होतं ते ते तिने आत घेतलं होतं. आणि कुत्र्याला आई जोडलेली असते तसा त्याला सांभाळणारा माणूसही जोडलेला असतो. त्या माणसाला त्याचा पत्ता, फोन नंबर, दृष्टी कशाने गेली, कितपत उरली, घरात आणखी कोण असतं, हे सगळं जोडलेलं. तीन पायऱ्यांत ते सगळं बसत होतं. पडदेवाल्याला एवढी माहिती आलेली दिसली, तेव्हा त्याने नको असलेला भाग पानावर झाकून टाकला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून दोघांनाही वाटलं, झालं.

फोन आला तो सकाळी, मनी एकटीच ऑफिसात असताना.

"नमस्कार. मी गणिताचा शिक्षक आहे, म्हणजे होतो. मुलं सर म्हणायची, तुम्हीही म्हणा. माझ्याकडे केंद्राची कुत्री आहे, झुळूक. तुमच्या ॲपबद्दल बोलायचं होतं."

"बोला ना सर. उघडत नाही का?"

"उघडतं. पण फार बोलतं."

मनीला कळेना. सर शांतपणे सांगू लागले. त्यांना दिसत नसल्याने फोन त्यांना पान वाचून दाखवतो. काल त्यांना झुळूकच्या लशीची तारीख हवी होती. फोनने तारीख वाचली आणि मग तो थांबेचना. आईचं नाव सावली. सावलीची पिल्लं. पहिलं पिल्लू गारवा, तो केंद्रातच ठेवलेला. दुसरं पिल्लू वावटळ, तिला सांभाळणाऱ्याचं नाव, घर, रस्ता...

"मी स्वयंपाकघरात होतो, हात ओले होते," सर म्हणाले. "फोन टेबलावर बोलत होता. हात पुसून तो बंद करेपर्यंत एका बाईंचा पत्ता, फोन नंबर, त्या एकट्या राहतात हे, आणि त्यांच्या डोळ्यांना काय झालंय, इतकं माझ्या कानावर पडलं. मी मुद्दाम ऐकलं नाही. पण ऐकलेलं परत देता येत नाही ना."

मनीच्या ध्यानात आलं. पडद्यावर झाकलेलं होतं, पण ते पानातून गेलेलं नव्हतं. पाहणाऱ्याला ते दिसत नव्हतं आणि वाचणारा फोन मात्र ते ओळीने वाचत होता. आणि ॲप वापरणारी निम्मी माणसं तर कानांनीच वाचणारी.

"सर, ही चूक आमची आहे," ती म्हणाली.

"रागवायला फोन केलेला नाही," सर म्हणाले. "एकच विचारायचं आहे. माझंही कुणी असंच ऐकत असेल का?"

"हो," मनी म्हणाली. "शक्य आहे. मी आत्ता लगेच बंद करते."

तिने फोन ठेवला आणि सर्व्हरवरचा तो आत शिरणारा सगळा भाग बंद केला. ॲप पुन्हा गोगलगाय झालं. दादा जिना चढून आले तोवर प्रशिक्षिकेचे तक्रारीचे दोन निरोप येऊन पडले होते.

दादांनी सगळं उभ्या उभ्या ऐकलं. मग खुर्चीत बसले. "बंद केलंस ना? चांगलं केलंस. आता नीट बुजवून टाक आणि गप्प बस. कुणाला कळलंय?"

"सरांना."

"सर भले माणूस दिसतात."

"म्हणून तर त्यांनी फोन केला, दादा. जो भला नसेल तो फोन करणार नाही."

खाली ड्रिल सुरू झालं आणि थांबलं. पडदेवाला आत येऊन दाराशीच उभा राहिला होता. त्याचं तोंड उतरलेलं होतं. "झाकायची अक्कल माझी," तो म्हणाला. "हिला एकटीला बोलू नका."

दादा थोडा वेळ टेबलावरच्या पेनाशी खेळत राहिले. मग उठले आणि गाडीची किल्ली घेतली. "चला. बाईंसमोर जाऊन सांगू. असल्या गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात."

बाई म्हणजे केंद्राच्या संचालक. त्यांच्या खोलीत एक म्हातारा पिवळा कुत्रा टेबलाखाली झोपलेला होता. बोलणं होईपर्यंत त्याने एकदाही डोळा उघडला नाही. बाई मात्र कडाडल्या. "ही माणसं दारातून बाहेर पडायचं धाडस करतात ते आमच्या भरवशावर! आणि तुम्ही त्यांच्या घराच्या खुणा वाटत सुटलात?" मनीने कुणाची माहिती कुणाच्या फोनवर गेली असेल हे सर्व्हरच्या नोंदीवरून काढून आणलं होतं. ते तिने समोर ठेवलं. बाईंनी ते नीट वाचून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "प्रत्येकाला सांगायला हवं. आम्ही सांगूच, पण तुम्हीही सांगा. आणि ज्यांचं कुणाच्या कानावर पडल्याची खात्री आहे, त्यांना तुम्ही स्वतः."

अशी खात्री एकाच माणसाबद्दल होती, वावटळला सांभाळणाऱ्या बाई. सरांचे हात पुसून होण्याआधी फोनने जे वाचलं होतं ते त्यांचं.

संध्याकाळी मनी घरी जेवणाच्या टेबलाशी फोन समोर ठेवून बसली होती. तिचे आईवडील दुसऱ्या गावी, ती कॉलेजपासून आत्याकडेच राहिलेली. आत्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. सगळं आयुष्य तिने लोकांना एकमेकांशी जोडून देण्यात काढलं होतं. तिने भाची पाहिली, फोन पाहिला आणि गॅस बारीक केला.

"वाईट बातमी आहे का?"

"हो. आणि चूक माझी आहे."

"मग पहिल्या वाक्यात सांग. नमस्कार-चमत्कार करत बसलीस तर समोरच्याला वाटतं, कुणीतरी मेलंच."

"रागावल्या तर?"

"रागावणारच. तू ऐक. मध्ये मध्ये सॉरी सॉरी घालू नकोस, माणसाला नीट रागावतासुद्धा येत नाही त्याने."

मनीने फोन लावला. वावटळच्या त्या बाई फिजिओथेरपिस्ट होत्या. दृष्टी कमी होत चालली होती, तरी स्वतःचा दवाखाना चालवत होत्या. मनीने पहिल्याच वाक्यात सांगितलं. दुसऱ्यात, चूक कशी झाली ते. मग ती गप्प बसली.

बाई चिडल्या. आवाज न चढवता चिडल्या, ते जास्त लागत होतं. "मी एकटी राहते. माझ्या पेशंटपैकी अर्ध्यांना माझ्या डोळ्यांना नेमकं काय झालंय ते माहीत नाही. कुणाला, कधी सांगायचं हे मी ठरवणार होते. ते तुझ्या सर्व्हरने ठरवलं."

मनी ऐकत राहिली. आत्या पाठमोरी उभी राहून भाजी ढवळत होती, पण कान तिचे इकडेच होते.

"कुणी ऐकलं?" बाईंनी विचारलं. "नाव सांग मला."

मनीच्या जिभेवर नाव आलं होतं. तिने ते गिळलं. "ते मी सांगू शकत नाही, मॅडम. त्यांना आधी विचारावं लागेल."

मनीला वाटलं, आता फोन आपटणार. पण तिकडून फिस्कन हसू आल्यासारखं वाटलं.

"आता आलं का शहाणपण!"

"आता आलं," मनी म्हणाली.

बाईंनी सुस्कारा टाकला. मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "एवढं तरी सांग. त्यांच्याकडे वावटळची बहीण आहे का भाऊ?"

"बहीण."

"ती पुलावरून जाते का, विचार त्यांना. जाळीच्या लोखंडी पुलावरून, ज्यातून खालचं दिसतं. ही बया काही केल्या पाय ठेवत नाही. नाव वावटळ, आणि स्वभाव मढ्यासारखा थंड. पण पूल दिसला की चारी पाय रोवून उभी. दवाखान्यात जायला मला रोज लांबून वळसा पडतो."

दुसऱ्या दिवशी सरांना हे विचारलं, तेव्हा ते हसत म्हणाले, "माझं नाव द्या, नंबर द्या, माझी हरकत नाही. आणि झुळूकचं म्हणाल, तर तिला पूल काय आणि सतरंजी काय, सारखंच."

पण मनीने लगेच दिलं नाही. आधी तिला तो रस्ता नीट बांधायचा होता.

ती केंद्रावर गेली आणि प्रशिक्षिकेच्या मागे मागे फिरली. कुत्र्यांच्या खोल्या धुतल्या जात होत्या, पिल्लांच्या खोलीत उबेचा दिवा होता. एक पिल्लू मनीच्या बुटाची नाडी धरून मागे मागे ओढत होतं.

"तुम्ही कुत्र्याची नोंद उघडता तेव्हा तुम्हाला नेमकं काय बघायचं असतं?" मनीने विचारलं. हा प्रश्न तिने आधी कधी विचारलाच नव्हता.

"एका वेतातल्या कुणाच्या कंबरेत दोष निघाला तर बाकीची भावंडं लगेच तपासून घ्यावी लागतात," प्रशिक्षिका म्हणाली. "म्हणून मला भावंडं हवीत आणि त्यांची कंबर हवी. ती कुठल्या रस्त्यावर राहतात याचं मी काय करू?"

"आणि डॉक्टरांना?"

"लशी आणि वजन. आणि आईला काय आजार होता ते."

"आणि ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांना?"

"त्यांना बहुतेक वेळा फक्त स्वतःचा कुत्रा. कधी कुणी कौतुकाने विचारतं, हिची भावंडं कशी आहेत हो? तेवढंच."

ऑफिसात येऊन मनीने सगळं पुन्हा मांडलं. आता एकात एक किती आत जायचं हे पायऱ्या मोजून ठरणार नव्हतं, विचारणारा कोण आणि त्याला काय हवं यावरून ठरणार होतं. प्रशिक्षकासाठी एक आकार, डॉक्टरांसाठी दुसरा, घरच्यांसाठी तिसरा. प्रत्येकात काय काय आत यायचं ते तिने नाव घेऊन लिहिलं. ज्याचं नाव घेतलं नाही ते आपोआप बाहेरच राहणार. माणसांची माहिती तर कुत्र्याच्या आतून तिने काढूनच टाकली. ती वेगळ्या दारामागे ठेवली, तिथे परवानगी तपासल्याखेरीज काही मिळत नव्हतं. फेऱ्या मात्र कमीच राहिल्या, पान पुन्हा झरझर उघडायला लागलं. पडदेवाला फोन कानाला लावून, डोळे मिटून, प्रत्येक पान पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत बसला. दादा त्याला बघून म्हणाले, "झोपलास का रे?" त्याने हातानेच गप्प राहायला सांगितलं.

शेवटी मनीने एक छोटीशी गोष्ट वाढवली. एखाद्या कुत्र्याच्या भावंडाला सांभाळणाऱ्याशी बोलायचं असेल तर तसं कळवता येईल. निरोप त्या माणसाला जाईल, नाव न सांगता. त्याने हो म्हटलं तरच दोघांना एकमेकांची नावं कळतील. नाही म्हटलं तर काहीच कळणार नाही. संचालक बाईंनी ते तीनतीनदा खोदून खोदून विचारलं आणि मगच मान हलवली.

पहिला निरोप फिजिओथेरपिस्ट बाईंचा गेला. सरांचा होकार लगेच आला.

ठरलं असं की रविवारी सकाळी पुलापाशी भेटायचं. दोघांनीही मनीला यायला सांगितलं. तिला जरा संकोच वाटत होता, पण आत्या म्हणाली, "जोडून दिलंस ना? मग आवाज नीट येतोय का ते बघायला थांबायचं असतं."

सर आधी येऊन उभे होते. उंच, किंचित वाकलेले, कोटाची बटणं नीट लावलेली. बाई पलीकडून आल्या, ठेंगण्या, भरभर चालणाऱ्या. दोघी कुत्र्या एकमेकींना हुंगत राहिल्या. मनीला वाटलं होतं की बहिणी बहिणींना ओळखतील, शेपट्या हलवतील, काहीतरी होईल. तसं काही झालं नाही. झुळूकने एकदा शिंक दिली, वावटळने तोंड फिरवलं.

"ओळख दाखवत नाहीत," बाई म्हणाल्या.

"माझ्या सख्ख्या भावाचंही असंच आहे," सर म्हणाले.

मग ते पुलाकडे वळले. सर आणि झुळूक पुढे निघाले. जाळीवर नखांचा टकटक आवाज झाला. वावटळ पहिल्या पायरीशी येऊन थबकली. चारी पाय रोवले. बाईंनी तिला ओढलं नाही, हुकूमही दिला नाही, फक्त तिच्या पट्ट्याचा दांडा हलका धरून उभ्या राहिल्या. पुलावर सरही थांबले. झुळूकने मागे वळून पाहिलं आणि मग कंटाळल्यासारखी पुढे चालू लागली.

टकटक आवाज दूर जात होता. वावटळने एक पाय जाळीवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग अंग चोरत, पोट जवळजवळ जाळीला टेकवत, ती बहिणीच्या मागे निघाली. बाई तिच्याबरोबर चालत होत्या. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी. मधोमध वावटळ पुन्हा थांबली. सर पुढून म्हणाले, "उभे आहोत आम्ही. घाई नाही." ती पुन्हा चालू लागली.

पलीकडे पोचल्यावर बाई गुडघ्यांवर बसल्या आणि कुत्रीच्या मानेत तोंड खुपसून कितीतरी वेळ तिच्याशी काहीतरी बोलत राहिल्या. परत येताना वावटळचं पोट पहिल्यापेक्षा थोडं वर होतं. पूर्ण ताठ नाही, पण थोडं वर.

नंतर सगळे बाकावर टेकले. दोघी कुत्र्या एकमेकींकडे पाठ करून पसरल्या. सर काहीतरी सांगताना सारखे मान एका बाजूला वळवत होते.

"तुमची मान आखडलीय," बाई एकदम म्हणाल्या. "बोलताना आवाज एकाच बाजूने येतोय. दाखवा इकडे." आणि परवानगीची वाट न बघता त्यांनी त्यांच्या खांद्यावर अंगठा रोवला.

"आई गं!"

"किती वर्षं असंच धरून चालताय? दांडा एवढा घट्ट पकडायचा असतो का? सोडा खांदा. अजून. सर, खांदा सोडा म्हटलं ना!"

"सोडतोय की," सर वर्गातल्या पोरासारखे कुरकुरले.

"हा सोडलेला खांदा? आता हळूच उजवीकडे बघा. बघा म्हणजे, वळवा."

सरांनी मान वळवली आणि एका जागी थांबले. मग आणखी थोडी वळली. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य पसरलं. "अरेच्चा," ते म्हणाले. "इथपर्यंत जाते होय ही?"

मनी उठली, येते म्हणाली. बाई सरांना पुढच्या आठवड्यात दवाखान्यात कधी यायचं ते बजावत होत्या. सर वेळेवरून घासाघीस करत होते. मनी गेल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.